बोर्ड ताब्यात घेताना: तालुका न्यायालयातील दिवाणी दाव्यांचे नियोजन

कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायालयाचा चार्ज घेतला की पहिल्याच आठवड्यात बोर्डाची, म्हणजे रोज सुनावणीला लागणाऱ्या प्रकरणांच्या यादीची, खरी अवस्था कळते. एका दिवसाला साठ-सत्तर प्रकरणे सहज लागलेली असतात. पुकारा होतो, वकील उभे राहतात, तहकुबी अर्ज येतो, तारीख पडते. मधल्या सुट्टीपर्यंत निम्म्या बोर्डाला तारखा देऊन होतात. ज्या दोन दाव्यांत साक्षीदार खरोखर आलेला असतो, ते दुपारी साडेतीननंतर हाती लागतात. उलटतपास अर्धवट राहतो आणि साक्षीदार शेवटच्या एसटीने गावी परततो. हे बदलायचे तर कुठून सुरुवात करावी लागते, काय करावे लागते आणि कुठे फसते, ते इथे मांडत आहोत. हे सगळे दिवाणी दाव्यांपुरते आहे. फौजदारी बोर्डाचा हिशोब वेगळा, कारण तिथे पोलीस, कोठडी आणि सरकारी वकील यांच्या वेळा मध्ये येतात.

पहिले काम फाइली मोजण्याचे. सीआयएस, म्हणजे संगणकावर प्रकरणांच्या नोंदी ठेवणारी प्रणाली, प्रलंबित प्रकरणांचा आकडा देते, पण तो आकडा आणि कपाटातले गठ्ठे क्वचितच तंतोतंत जुळतात. म्हणून प्रत्येक फाइल हातात घ्यायची आणि मुखपृष्ठाच्या आत एक चिठ्ठी लावायची. तिच्यावर सहा गोष्टी: दाव्याचा प्रकार, दाखल झाल्याचे वर्ष, पक्षकार किती, त्यांपैकी कोणाकोणावर समन्स बजावले गेले, दावा पुढे नेणारा शेवटचा हुकूम कोणता व कोणत्या तारखेचा, आणि आज दावा नेमका कशावर अडला आहे. सहावी ओळ लिहायला सर्वांत जड. ती लिहिण्यासाठी रोजनामा, म्हणजे दर तारखेला काय झाले याची नोंद, सुरुवातीपासून वाचावा लागतो. रोजचे काम सांभाळून एक अनुभवी लिपिक दिवसाला २५-३० फाइलींच्या पुढे जाऊ शकत नाही, आणि त्याहून घाई केली तर ती सहावी ओळच चुकते.

या मोजणीत हमखास सापडणारे दोष ठरलेले आहेत. निशाणी ५ चा, म्हणजे तात्पुरत्या मनाईचा अर्ज दोन वर्षांपूर्वी निकाली निघालेला असतो, पण संगणकात टप्पा अजून 'निशाणी ५ वर सुनावणी' असाच दिसतो. हा दोष दिसतो तेवढा किरकोळ नाही. पक्षकार आपल्या दाव्याचा सोळा अंकी-अक्षरी सीएनआर क्रमांक टाकून मोबाइलवर पुढची तारीख व तिचे प्रयोजन पाहतो. तिथे 'सुनावणी' दिसले की तो साक्षीदाराला आणत नाही, आणि त्याच्या दृष्टीने ते बरोबरच असते. राष्ट्रीय न्यायिक डेटा ग्रिडवर, म्हणजे देशभरातल्या प्रकरणांच्या आकडेवारीच्या संकेतस्थळावर, जाणारा आकडाही याच नोंदीतून तयार होतो. त्यामुळे टप्पा दुरुस्त होईपर्यंत बोर्डाचे कोणतेही नियोजन कागदावरच राहते.

दुसरा दोष स्थगितीचा. 'उच्च न्यायालयाची स्थगिती' एवढे शब्द रोजनाम्यात वर्षानुवर्षे पुढे सरकत राहतात आणि मूळ प्रकरण तिकडे केव्हाच निकाली निघालेले असते. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती सहा महिन्यांनी आपोआप उठते असे सांगितले होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो नियम रद्द केला. त्यामुळे आता सहा महिने उलटले म्हणून दावा पुढे नेता येत नाही. वरच्या प्रकरणाची आजची स्थिती पाहावीच लागते. दर तिमाहीला स्थगित दाव्यांची यादी काढायची, उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर प्रत्येकाची स्थिती तपासायची आणि त्याची छापील प्रत फाइलला लावायची. हे काम एका लिपिकाच्या नावावर लावून दिले नाही तर होत नाही.

तिसरा दोष मयत पक्षकारांचा. वारसांची नावे लावायला मृत्यूपासून ९० दिवस, आणि दावा त्या पक्षकारापुरता रद्द झाला तर तो आदेश बाजूला सारायला आणखी ६० दिवस. मयत व्यक्तीच्या वकिलाने मृत्यू न्यायालयाला कळवावा असे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २२, नियम १०-अ मध्ये स्पष्ट आहे. प्रत्यक्षात ही माहिती निकालाच्या आदल्या महिन्यात पुढे येते आणि दावा तीन वर्षे मागे जातो. उपाय साधा आहे. वादमुद्दे, म्हणजे न्यायालयाने ठरवायचे वादाचे प्रश्न, काढताना आणि पुरावा सुरू करताना, दोन्ही वेळी, दोन्ही वकिलांना सगळे पक्षकार हयात आहेत का हे विचारायचे आणि उत्तर रोजनाम्यात लिहायचे. पाच पक्षकारांच्या दाव्यात याला अर्धे मिनिट पुरते.

एकाच बांधावरून एका शेजाऱ्याचा मनाईचा दावा इथे आणि दुसऱ्याचा ताब्याचा दावा शेजारच्या न्यायालयात, असेही मोजणीतच उघड होते. ते दोन्ही एका न्यायाधीशासमोर आणण्यासाठी जिल्हा न्यायाधीशांकडे कलम २४ खाली जावे लागते. हे लवकर झाले तर तोच तलाठी, तोच मोजणीदार दोनदा बोलवावा लागत नाही.

मोजणी संपली की रोजनामे वाचायचे. नमुना म्हणून वाटपाचा दावा घ्या. वादी दोन बहिणी, प्रतिवादी भाऊ, चुलते आणि त्यांची मुले मिळून चौदा. पहिल्या दीड वर्षाचा रोजनामा साधारण असा असतो: 'प्र. ३, ७ व ११ चे समन्स परत. वादीस पत्त्यासाठी मुदत.' पुढच्या तारखेला 'वादी गैरहजर. वकील हजर. मुदत.' त्यानंतर 'भत्ता भरला. समन्स काढा.' मग 'बेलिफ अहवालाची वाट.' मग 'प्र. ७ बजावले. प्र. ३ व ११ घरास कुलूप.' पुन्हा 'पत्त्यासाठी मुदत.' या सहा तारखांपैकी दावा पुढे गेला तो फक्त दोन तारखांना. बाकीच्या चार तारखांना न्यायालयाने कोणाकडूनही काही करून घेतलेले नाही. अशा तारखांना पेन्सिलीने खूण करत गेले की दाव्याच्या वयाचा उलगडा होतो. दहा वर्षे जुन्या दाव्यात पुरावा नोंदवायला लागलेला प्रत्यक्ष वेळ बहुतेकदा चार-पाच दुपारांचा असतो. बाकीची वर्षे अशा मोकळ्या तारखांत गेलेली असतात. आमचे सगळे म्हणणे याच निरीक्षणावर उभे आहे: तारखेला काय काम होणार आणि ते कोण करणार हे हुकमात लिहिल्याशिवाय तारीख द्यायची नाही.

समन्सवर सर्वाधिक लक्ष द्यावे असे आमचे ठाम मत आहे, कारण इथे वाचवलेला महिना पुढे कोणाशीही भांडावे न लागता वाचतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २७ नुसार दावा दाखल झाल्यापासून ३० दिवसांच्या आत समन्स निघायला हवे. त्यासाठी दावा नोंदवून घेतानाच समन्स बजावणीचा भत्ता आणि दाव्याच्या प्रती प्रतिवादींच्या संख्येइतक्या आहेत का हे पाहावे. चौदा प्रतिवादी आणि बारा प्रती, ही उणीव पहिल्या दिवशी पाच मिनिटांत भरून निघते. ती दोन महिन्यांनी लक्षात आली तर तारीख फुकट जाते. समन्स बेलिफमार्फत आणि पोस्टाने, दोन्ही मार्गांनी एकदमच काढावे. मागणी असेल तर आदेश ५, नियम ९-अ खाली वादीच्या हातीही द्यावे. एक मार्ग फसल्यावर दुसरा, मग तिसरा, असे करत गेले तर वर्ष निघून जाते.

बेलिफाच्या अहवालात 'घरास कुलूप' एवढेच असेल तर तो अहवाल अपुरा आहे. किती वेळा गेले, कोणत्या वेळी गेले, शेजाऱ्याने काय सांगितले, कुटुंबातले प्रौढ माणूस होते का, हे त्यात हवे. आता बेलिफांकडे एनस्टेप हे मोबाइल ॲप आहे. त्यात ठिकाणाची नोंद आणि छायाचित्र येते, तरीही हे चार प्रश्न संपत नाहीत. बीडकडच्या तालुक्यांत दसऱ्यानंतर ऊसतोडीला गेलेली कुटुंबे उन्हाळ्यापर्यंत परतत नाहीत. त्या काळात त्यांच्या घरावर समन्स डकवले तर कायदा पुरा होतो, माणसापर्यंत मात्र काही पोहोचत नाही. पुढे एकतर्फा हुकूमनामा होतो, मग तो रद्द करण्याचा अर्ज, आणि दावा पुन्हा पहिल्या पायरीवर. अशा वेळी वादीकडून मुकादमाचा किंवा कारखान्याचा ठावठिकाणा मागून घ्यावा, नाहीतर परतीच्या हंगामातली तारीख द्यावी. मुंबई-पुण्याला राहायला गेलेल्या भावाबहिणींचेही तेच. गावचा पत्ता घालून वादी मोकळा होतो, आणि सख्ख्या भावाचा शहरातला पत्ता माहीत नाही हे म्हणणे सहसा टिकत नाही.

डकवून केलेल्या बजावणीचा अहवाल बेलिफाच्या शपथपत्रासह नसेल तर आदेश ५, नियम १९ नुसार त्याला शपथेवर तपासावे लागते, आणि मग 'बजावणी योग्य' असा स्पष्ट हुकूम करावा लागतो. हा हुकूम राहून जातो. नंतर अपिलात संपूर्ण निकाल या एका ओळीअभावी परत येतो. रजिस्टर पोचपावती समन्स योग्य पत्त्यावर गेले आणि ३० दिवसांत पोचपावतीच आली नाही, तरी बजावणी झाल्याचे जाहीर करण्याचा अधिकार नियम ९ देतो. तो वापरायला संकोच नको. समन्स परत आल्यावर वादीने सात दिवसांत नव्या समन्सची मागणी केली नाही तर आदेश ९, नियम ५ खाली त्या प्रतिवादीपुरता दावा काढून टाकता येतो. हे हत्यार उठसूट उपसू नये. पण पुढची तारीख देताना 'सात दिवसांत भत्ता न भरल्यास नियम ५ प्रमाणे' एवढे शब्द रोजनाम्यात आले, तरी बहुतेक वेळा भत्ता भरला जातो.

कैफियतीला, म्हणजे प्रतिवादीच्या लेखी उत्तराला, समन्स बजावल्यापासून ३० दिवस, कारणे नोंदवून ९० दिवसांपर्यंत. साध्या दिवाणी दाव्यात ही मुदत बंधनकारक नसून मार्गदर्शक आहे असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये ठरवले. वाणिज्यिक दाव्यात मात्र १२० दिवसांनंतर कैफियत घेताच येत नाही. इथे दोन टोके दिसतात. काही जण कितीही वेळा मुदत देतात. काही जण ९१ व्या दिवशी विनाकैफियत हुकूम करतात आणि पुढच्या महिन्यात तो खर्चासह रद्द करतात. दुसऱ्या प्रकारात अर्ज, त्यावर म्हणणे, युक्तिवाद, हुकूम अशा चार तारखा जास्तीच्या लागतात. त्यापेक्षा ६० व्या दिवसाच्या आसपास शेवटची तारीख ठरवून, ती शेवटची आहे आणि का आहे हे लिहून, प्रतिवादीच्या वकिलाची सही घ्यावी. नंतर विनाकैफियत हुकूम केला तर तो टिकतो.

निशाणी ५ दावा गिळते, हे सगळ्यांना माहीत आहे. मनाईच्या दाव्यात तो अर्ज मंजूर झाला की वादीला घाई राहत नाही, नामंजूर झाला की प्रतिवादीला. दुसऱ्या बाजूला नोटीस न देता मनाई दिली असेल तर ३० दिवसांत अर्जाचा निकाल लावण्याचा प्रयत्न करावा असे आदेश ३९, नियम ३-अ सांगतो. महाराष्ट्रापुरता एक जुना अडथळा होता: कलम ९-अ. मनाईच्या अर्जात अधिकारक्षेत्राची हरकत आली की तो मुद्दा आधी, प्रसंगी पुरावा घेऊन, ठरवावा लागे, आणि त्यात वर्षे जात. २०१८ मध्ये हे कलम रद्द झाले. जुन्या फाइलींत 'प्राथमिक मुद्दा' असा टप्पा अजून दिसला तर तो त्याच काळातला आहे का हे पाहावे. आमची पद्धत अशी, की निशाणी ५ चा हुकूम ज्या दिवशी होतो त्याच दिवशी, त्याच हुकमाच्या शेवटच्या परिच्छेदात कैफियत किंवा वादमुद्दे यांची तारीख घालायची. अपील होवो न होवो, मूळ दावा थांबत नाही.

वादमुद्दे काढण्याचा दिवस हा सबंध दाव्यातला सर्वांत महत्त्वाचा दिवस मानावा. सवयीने तो पाच मिनिटांचा झाला आहे: दोन्ही बाजूंचे नमुना मुद्दे आले, टंकून झाले, तारीख पडली. वास्तविक त्याआधी आदेश १० खाली कबुली-नाकबुली नोंदवायची आहे, कलम ८९ खाली तडजोडीचा मार्ग विचारायचा आहे, आणि मूळ कागद आदेश १३ नुसार मुद्दे निघण्यापूर्वी यायचे आहेत. एका दाव्याला अर्धा तास द्यावा लागतो. दिवसाला असे दोनच दावे लावावेत. त्या अर्ध्या तासात सातबारा, फेरफार, खरेदीखत एकेक करून दोन्ही पक्षांना दाखवायचे आणि कोणता कागद मान्य, कोणता अमान्य हे लिहून घ्यायचे. वीस कागदांपैकी पंधरा मान्य निघतात असा अनुभव आहे. मग फक्त ते सिद्ध करण्यासाठी तलाठ्याला किंवा दुय्यम निबंधकाच्या लिपिकाला बोलावण्याची गरज उरत नाही. पक्षकार स्वतः हजर असणे मात्र आवश्यक. नुसत्या वकिलांसमोर हे होत नाही, कारण वकील सगळेच नाकारतो.

त्याच दिवशी कार्यक्रमपत्रक हुकूम म्हणून नोंदवायचे. त्याचा मसुदा असा असतो: 'साक्षीदारांची यादी १५ दिवसांत. वादीचे सरतपासाचे शपथपत्र व मूळ कागद अमुक तारखेस, प्रत प्रतिवादीस सात दिवस आधी. वादीचा उलटतपास अमुक तारखेस दुपारी २.४५ वाजता, आवश्यकता भासल्यास दुसऱ्या दिवशी पुढे चालू. वादीचे इतर साक्षीदार अमुक दोन तारखांस. प्रतिवादीचा पुरावा अमुक दोन तारखांस. युक्तिवाद अमुक तारखेस, प्रत्येकी ४५ मिनिटे, लेखी टिपणासह.' तारखा दोन्ही वकिलांना विचारून घालायच्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये यशपाल जैन विरुद्ध सुशीला देवी या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले: वकिलांशी विचारविनिमय करून तारखा ठरवा, शक्यतो रोजच्या रोज पुरावा घ्या, आणि न्यायाधीशांनी रोजनिशी ठेवून एका दिवसात हाताळता येतील तेवढीच प्रकरणे लावा. वाणिज्यिक न्यायालयांना तर २०१५ च्या कायद्याने आणलेल्या आदेश १५-अ मुळे अशी सुनावणी सक्तीचीच आहे. पहिल्या सुनावणीपासून सहा महिन्यांत युक्तिवाद संपवायचा असतो. साध्या दाव्यात ती सक्ती नाही, पण आदेश १०, १४, १६, १७ आणि १८ एकत्र वाचले तर अधिकार सगळे आहेत.

वकिलांना विचारण्यामागे कारण आहे. तालुक्याच्या ठिकाणी सहा-सात वकिलांकडे निम्मे दावे असतात आणि तेच वकील शेजारच्या न्यायालयात व तहसीलदारांसमोरही उभे असतात. एकाच वकिलाचे दोन मोठे उलटतपास एका दुपारी लावले तर एक तहकूब होणारच. तो दोष वकिलाचा नसून बोर्ड लावणाऱ्याचा आहे. म्हणून तारखांच्या वहीत दाव्याच्या क्रमांकाशेजारी दोन्ही वकिलांची आद्याक्षरे लिहायची. संगणकावरून बोर्ड आपोआप लागतो, पण ही गोष्ट त्याला दिसत नाही.

हद्द आणि अतिक्रमणाच्या दाव्यांत कार्यक्रमपत्रकाला जमीन मोजणीची जोड लागते. भूमी अभिलेख कार्यालयाचे अधिकारी न्यायालय आयुक्त म्हणून नेमले जातात. हुकमात 'वादीच्या गटाची मोजणी करावी' एवढेच लिहिले तर नकाशा येतो आणि निरुपयोगी ठरतो, कारण लगतचा गट मोजलेला नसतो. दोन्ही गटांची संयुक्त मोजणी, मूळ अभिलेखाच्या आधारे हद्दी, प्रत्यक्ष ताब्याची वेगळी रेघ, आणि अतिक्रमण असल्यास त्याचे क्षेत्र व दिशा, हे चारही शब्दांत हवे. फी कोणी आणि कोणत्या तारखेपर्यंत भरायची तेही. पावसाळ्यात आणि पीक उभे असताना मोजणी होत नाही, म्हणून हा हुकूम जानेवारीच्या आत व्हावा, म्हणजे रब्बीची काढणी आणि पेरणी यांच्या मधल्या मोकळ्या शेतात काम होते. जूनमध्ये केलेला हुकूम म्हणजे आठ-नऊ महिने गेले. अहवाल आदेश २६, नियम १० नुसार पुराव्याचा भाग होतो. हरकत असेल तर आयुक्ताला तपासता येते. हरकतींची तारीखही मूळ हुकमातच घालून ठेवावी.

आता रोजच्या बोर्डाचे गणित. न्यायासनावरचा प्रत्यक्ष वेळ साडेपाच तासांच्या आसपास. पहिला तास समन्स, कैफियत, किरकोळ अर्ज. त्यानंतर मधल्या सुट्टीपर्यंत मुद्दे आणि युक्तिवाद. दुपारनंतर साक्षी. साक्ष मराठीत टंकून घेतली जाते आणि ती टंकलेखनाच्या वेगानेच पुढे सरकते. तासाभरात चार-पाच पाने होतात. ताबा किंवा वाटपाच्या दाव्यातला मुख्य पक्षकाराचा उलटतपास दीड ते दोन तास घेतो. म्हणजे दुपारी एक मोठा किंवा दोन मध्यम उलटतपास बसतात. त्यात एखादा फसणार हे धरून एक जास्तीचा लावावा, त्याहून अधिक नाही. साक्षीसाठी पाच-सहा दावे लावले की वकिलांना अनुभवाने कळते की आपला नंबर लागणार नाही. ते तयारी न करता येतात, आणि मग खरोखर पुकारा झाला की तहकुबी मागतात. बोर्ड जितका फुगवावा तितके कमी काम होते, याची साखळी ही अशी आहे.

तहकुबीबद्दल संहिता मोघम नाही. दाव्याच्या सुनावणीत एका पक्षाला तीनपेक्षा जास्त तहकुब्या नाहीत. वकील दुसऱ्या न्यायालयात गुंतला आहे हे कारण चालत नाही. साक्षीदार हजर असताना पक्षकार किंवा वकील तयार नसेल तर न्यायालय साक्ष नोंदवून घेऊ शकते. पण दर वेळी 'उलटतपास नाही' असा हुकूम करणे हा उपाय नाही. तो रद्द करण्याचे अर्ज येतात, न झाल्यास वरच्या न्यायालयात रिट, आणि कधी निकाल लागून अपिलात दावा फेरचौकशीसाठी परत. ज्याचा वकील आला नाही त्या माणसाचे म्हणणे ऐकले जायला हवे, हेही तितकेच खरे. परिणाम दिसतो तो खर्चाच्या हुकमाचा, तोही नीट लिहिला तर. नुसते 'खर्च रु. ५००' लिहिले तर ते पैसे कोणी भरत नाही. 'कलम ३५-ब प्रमाणे' लिहून, साक्षीदाराचा प्रवास आणि बुडालेली मजुरी धरून रक्कम काढली आणि कारण नोंदवले, तर पुढच्या तारखेला ती भरणे ही दावा किंवा बचाव पुढे चालवण्याची पूर्वअट होते. रक्कम साक्षीदाराला मिळावी असेही लिहावे. दिवसभराचा रोज बुडवून आलेल्या माणसाला दुपारी चारला 'पुढच्या महिन्यात या' सांगणे क्लेशदायक आहे, आणि त्याची भरपाई न्यायालयाने मनावर घेतली पाहिजे.

हे सगळे अंदाजाने सांगत नाही. १९७८ साली अमेरिकेतल्या २१ शहरांतल्या न्यायालयांचा तुलनात्मक अभ्यास झाला. प्रत्येक न्यायाधीशामागे किती प्रकरणे आहेत यावरून विलंबाचा उलगडा होत नाही असे त्यात आढळले. तिथले न्यायाधीश आणि वकील किती विलंब साधारण मानतात यावर तो अधिक ठरत होता. १९९६ मध्ये रँड संस्थेने तिथल्या संघीय न्यायालयांतल्या दहा हजारांहून अधिक प्रकरणांचा अभ्यास मांडला. न्यायाधीशाने लवकर लक्ष घातले आणि खटल्याची तारीख लवकर ठरवली तर कालावधी घटतो असे निघाले, पण लवकर लक्ष घातल्याने वकिलांच्या कामाचे तास वाढतात असेही निघाले. ही दुसरी बाजू आपल्याकडे बोलली जात नाही. कार्यक्रमपत्रक पाळायचे तर वकिलाला सुरुवातीलाच सगळे कागद वाचावे लागतात, आणि त्याची फी मात्र अनेकदा तारखेवर ठरलेली असते. वकील संघाशी बोलताना हे मान्य करूनच बोलावे. आपल्याकडे सालेम बार असोसिएशनच्या प्रकरणात नेमलेल्या न्या. एम. जगन्नाथ राव समितीने नमुना नियम तयार केले आणि २००५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयांना त्यांचा विचार करायला सांगितले. दाव्यांची प्रकारानुसार विभागणी आणि प्रत्येक विभागाला वेगळी कालमर्यादा, हा त्यांचा गाभा. तालुक्यात ही विभागणी फाइलीवर रंगीत फीत लावून करता येते: वारसदाखला व साधी मनाई एका रंगात, वाटप व करारपूर्ती दुसऱ्यात.

जुन्या दाव्यांबाबत एक सावधगिरी. मासिक निपटाऱ्याचा आकडा भरायचा म्हणून बिनहरकत प्रकरणे आधी उचलली जातात आणि दहा वर्षांवरचे दावे तसेच राहतात. आठवड्यातले दोन दिवस दुपारचा वेळ फक्त त्यांच्यासाठी राखून ठेवणे, एवढीच पद्धत आम्हाला चालताना दिसली आहे.

युक्तिवाद संपल्यावर ३० दिवसांत निकाल, अपवादाने ६० दिवसांपर्यंत. वादकथन, मुद्दे आणि कागदांचा गोषवारा पुरावा संपतो त्याच आठवड्यात टंकून ठेवला तर निकालाचा निम्मा मजकूर तयार असतो. शुक्रवारी दुपारनंतर साक्ष न लावता तो वेळ लेखनाला ठेवावा.

हुकूमनाम्यानंतर दरखास्त, म्हणजे त्याच्या अंमलबजावणीचा अर्ज. २०२१ च्या राहुल शाह निकालाने दरखास्त सहा महिन्यांत निकाली काढायला सांगितले आहे. पैशाच्या दरखास्तीत ऋणकोच्या मालमत्तेचे शपथपत्र पहिल्याच टप्प्यात मागावे. शेतजमिनीच्या वाटपात मात्र हुकूमनामा कलम ५४ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो, तिथून तहसील आणि भूमी अभिलेख. तिकडून परत येण्याचे कारण बहुधा कागदांची उणीव हेच असते: हिश्श्यांचा स्पष्ट तक्ता नाही, चालू सातबारा नाही, मयत हिस्सेदाराचे वारस लावलेले नाहीत, गटाची फोड झाल्यावरचा नवा क्रमांक नाही. पाठवण्यापूर्वी हे चार तपासून, न्यायालयात दर तीन महिन्यांनी अहवालाची तारीख ठेवून प्रकरण जिवंत ठेवावे.

राहिला बदलीचा प्रश्न. साधारण तीन वर्षांनी न्यायाधीश बदलतात आणि नव्यांना बोर्ड पुन्हा अनोळखी असतो. आदेश १८, नियम १५ मुळे अर्धवट पुरावा पुढे तिथूनच चालू करता येतो, पण कुठे थांबले होते ते कळायला हवे. चार्ज देताना चार याद्या द्याव्यात: उलटतपास अर्धवट असलेले दावे, युक्तिवाद ऐकून झालेले पण निकाल न लागलेले, मोजणी-अहवालाची वाट पाहणारे, आणि कार्यक्रमपत्रक ठरलेल्या दाव्यांच्या पुढच्या सहा महिन्यांच्या तारखा. दुसऱ्या यादीत एकही दावा राहू नये यासाठी बदलीच्या आदेशाआधी दीड-दोन महिने नवे युक्तिवाद ऐकणे थांबवावे, कारण तिथे राहिलेल्या प्रत्येक दाव्यात पक्षकाराला वकिलाची फी आणि वेळ दुसऱ्यांदा मोजावा लागतो.